मौलाच्या मुंग्या

कोरेगावच्या पेठेत एका बोळाच्या तोंडाशी मौलाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक फळ्यांचं टेबल, त्यावर टांगलेला दिवा आणि तिन्ही भिंतींना छातीपर्यंत रचून ठेवलेले लोकांचे मुके रेडिओ. मौला फौजेत सिग्नलमध्ये पंधरा वर्षं काढून आला होता. तिथं त्याच्या एका शीख उस्तादानं त्याला एकच गोष्ट शिकवली होती, पण ती अशी शिकवली होती की झोपेतून उठवलं तरी मौलानं ती म्हणून दाखवावी. सेट बंद पडला की आधी सेटला हात लावायचा नाही. ‘दीवार से चलो.’ भिंतीपासून निघायचं. भिंतीत वीज आहे का, मग प्लग, मग वायर, मग बटण, आणि हे सगळं झाल्यावर मागचं झाकण. या शिस्तीपायी मौला कामाला हळू म्हणून बदनाम होता. पण त्याच्या हातून बरा होऊन गेलेला रेडिओ वर्षभर तरी दुकानाची पायरी चढत नसे.

दसरा झाला की मौलाचा हंगाम सुरू व्हायचा. त्याचं असं, की खंडेनवमीला आपल्याकडे घराघरात हत्यारं पुजतात. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, असलं तर शिलाईचं मशीन. मग घरात रेडिओ आला, तेव्हा त्यालाच काय म्हणून उपाशी ठेवायचं? त्यालाही हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, आणि पुढ्यात नारळ फोडला की त्याचं पाणी. कोयत्याला ते सोसतं. रेडिओला सोसत नाही. दसऱ्यानंतर पंधरा दिवस मौला रेडिओंच्या पोटातून तांदळाचे दाणे नि पाकळ्या काढत बसायचा, आणि धनी सेट न्यायला आला नि “काय झालं व्हतं?” म्हणाला की मान वर न करता सांगायचा, “मुंग्या शिरल्या व्हत्या.”

तुमच्याच पूजेनं बिघडला, असं कुणाच्या तोंडावर सांगायचं त्याच्या जिवावर यायचं. माणसानं जीव लावून केलेल्या गोष्टीत चूक काढायची, आणि तीही देवाच्या कामात! बरं, नारळाच्या गोड पाण्याला मुंग्या लागतातच, तेव्हा ते काही अगदीच खोटं नव्हतं. आपलं खोटं खपतं असं मौलाला वाटायचं. प्रत्यक्षात त्या मुंग्या नेमक्या दसऱ्याच्याच आठवड्यात कशा जन्माला येतात, हे आख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

चौऱ्याहत्तर साल. दिवाळी तीन दिवसांवर आली होती आणि मौला दसऱ्याचे सेट उपसत होता. दहाच्या सुमाराला खडकवाडीचा आकाराम सायकल भिंतीला टेकवून आत आला. डोक्याला टोपी, खाली नुकतंच भादरलेलं डोकं. कालच आईचं तेरावं झालेलं.

“मौलाभाई, तुमी आत्ताच्या आत्ता चला,” तो म्हणाला. “चुलतीचा रेडिओ सुरू हुईना.”

“ठेवून जा म्हनलो असतो, पर जागाच न्हाई बघ. दिवाळी झाल्यावर घिऊन ये.”

“आवं दिवाळी कसली! साडेबाराला आईचा आवाज लागनार हाय.”

मौलानं हातातला पेचकस खाली ठेवला.

आकारामनं सांगितलं ते असं. दसऱ्याच्या आधी सांगली आकाशवाणीची जीप वाडीत आली होती. जात्यावरच्या ओव्या घेत हिंडत होते ते लोक. वाडीत ओव्या म्हणाव्या तर दोघी जावांनीच, थोरली राहीबाई आणि धाकटी, म्हणजे आकारामची आई, सुलाबाई. चाळीस वर्षं एका जात्याला बसलेल्या बायका. यंत्रवाल्यांनी दोघींना जात्यावर बसवून ओव्या घेतल्या आणि जाताना तारीख नि वेळ सांगून गेले. दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी सुलाबाई गोठ्यात छातीला हात लावून बसली, ती उठलीच नाही. आता तो आवाज आज दुपारी एकदाच हवेतून जाणार होता. कुणाच्या हाताला लागला तर लागला.

“वाडीत दुसरा न्हाई का रेडिओ?”

“मास्तरांचा ट्रांझिस्टर हाय, पर मास्तर कालच साताऱ्याला गेलं, ट्रांझिस्टर बगलंत मारून. तुमचाच एखादा चालू सेट द्या की.”

“चालू असता तर हितं कशाला असता, गड्या?” मौला म्हणाला, आणि हत्यारांची पिशवी भरायला लागला. “घरचा बी माजा उगडूनच पडलाय. मावशीला हिकडं आनलं असतंस तर कुटं तरी ऐकवलं असतं.”

“गुडग्यानं उंबरा वलांडवना तिला. आन तिला दुसरीकडं ऐकायचंच न्हाई. सकाळपासनं रेडिओसमोर बसलीया.”

खडकवाडी म्हणजे अकरा घरं, आणि रस्ता असा की सायकलवर बसण्यापेक्षा सायकल ढकलणंच जास्त. दोघं पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. राहीबाईच्या सोप्यात बायका भिंतीकडेनं बसल्या होत्या. राहीबाई मध्ये, एक पाय लांब करून, रेडिओकडे तोंड करून. रेडिओ तिच्या लेकानं, अर्जुनानं, पलटणीतल्या एका साहेबाकडून घेऊन सुट्टीत आणलेला. चांगला हातभर लांब, लाकडी पेटीचा, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला जुना सेट, कपाळावर हिरवा डोळा. सुरू केला की तापायला मिनिटभर घेणार, मग डोळा उघडणार, मग बोलणार. अर्जुना होता तिकडं सरहद्दीवर. सुतकाचे तेरा दिवस घरात रेडिओ लावायचा नव्हता, म्हणून तो बंद पडलाय हे आज सकाळी कळलं.

“आलास का, बाबा,” राहीबाई म्हणाली. “बघ त्येला. काय मागशील ते दीन, पर बोलता कर.”

“मावशी, तुमी निवांत बसा,” मौला म्हणाला.

त्यानं घड्याळ बघितलं. पाऊण तास. माजघरात भरदिवसा दिवा जळत होता, तो त्यानं येतानाच बघून ठेवला होता. म्हणजे घरात वीज होती. बाहेर एरियलच्या जाळीला कावळा बसला होता, म्हणजे जाळी जागेवर होती. दिवस दसऱ्याचे. कुठल्या आजाराचा रोगी आहे हे मौलाला बघताक्षणी कळलं, निदान त्याला तसं वाटलं, आणि पंधरा वर्षांची शिस्त बाजूला सारून त्यानं सरळ मागच्या झाकणाचे स्क्रू काढायला घेतले. घाई भल्याभल्यांना शहाणं करून सोडते, त्यातला हा प्रकार.

झाकण निघालं. आत होतं तेच. झेंडूच्या पाकळ्या सुकून तपकिरी झालेल्या, पत्र्यावर हळदीचे शिंतोडे, ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर सात-आठ तांदूळ, आणि नारळाच्या पाण्याचा वाळून पांढरा झालेला ओघळ. मौलानं नकळत अंग आडवं घातलं.

“मुंग्या शिरल्यात, मावशी,” तो म्हणाला.

“मौला,” राहीबाई म्हणाली, “तुज्या मुंग्या समद्या तालुक्याला ठाव हायत. सरक बाजूला.”

तो सरकला. राहीबाई हातावर जोर देत पुढं आली आणि रेडिओच्या पोटात डोकावली. मग पदर तोंडाला लावला.

“म्हंजी मीच खरी निघाले,” ती म्हणाली. “मला खरं निघायचं नव्हतं रं.”

बायकांपैकी कुणीतरी “असू दे, राहीबाई,” म्हणालं. पण राहीबाईला आता थांबायचं नव्हतं. मौला व्हॉल्व्ह एकेक हलवून बघत होता आणि ती त्याच्या पाठीशी बोलत होती.

“खंडेनवमीला सुलीनं पुजला ह्येला. आमी पुजायला घेतलं न्हाई अजून, तवर हिनं घरनं ताट आनलं. म्हनली, अक्का, आपला आवाज ह्येच्यातनं येनार, ह्येचा मान पयला. नारळ फोडला आन समदं पानी वर वतलं. वर फुलं बी कोंबली मागल्या भोकातनं. मी म्हनलं, हात मोडलं का तुजं? बिगाडलास म्हंजी आपला आवाज काय तुज्या कपाळातनं ऐकायचा? समद्यांच्या फुडं म्हनलं. तिनं ताट उचाललं आन गेली. तवापासनं ह्येला कुनी हात लावला न्हाई.”

मौलानं व्हॉल्व्ह सोडून तिच्याकडे बघितलं.

“दुसऱ्या दिवशी दसरा. चाळीस वर्सं सोनं द्यायला पयली कोन यायची, तर सुली. धाकटीनं थोरलीला द्यायचं. मी आपट्याची पानं हातात धरून दिवं लागंस्तवर बसले. आली न्हाई. मला बी वाटलं, का आपन जावं? थोरली हाय मी. मदी एक भीत हाय, मौला, एक भीत. तिसऱ्या दिवशी गेलीच ती.” ती थांबली. “मी तिला बोललेलं शेवटचं त्ये ऱ्हायलं बघ. हात मोडलं का तुजं.”

मौलाला फार वाईट वाटलं. या बाईला आवाज ऐकायचा होता तो केवळ हौसेचा नव्हता. शेवटच्या बोलण्याच्या पलीकडचं सुलाबाईचं एखादं बोलणं तिला हवं होतं, आणि ते मिळायला ही एकच वेळ होती. त्यातून रेडिओ खरंच नारळानं गेला असेल, तर तो शेवटचा शब्द जन्मभर तिच्या उरावर बसणार होता.

त्यानं पिशवीतली बॅटरी काढून आत उजेड पाडला आणि नीट बघायला लागला. आणि जसजसं बघत गेला तसतसा चक्रावला. पाणी पडलं होतं ते ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यावर, तिथून ओघळून पेटीच्या लाकडात मुरलं होतं. व्हॉल्व्हच्या पायांपाशी एक थेंब गेला नव्हता. पाकळ्या होत्या त्या कोपऱ्यात. सेटमधला फ्यूज काढून मीटर लावलं, तो शाबूत. व्हॉल्व्हच्या तारा शाबूत. बटण शाबूत. एवढा निरोगी सेट त्याच्या दुकानात वर्षात आला नव्हता. तरी बटण फिरवलं की मढ्यासारखा गप्प.

सव्वाबारा झाले. मौला मागे सरून भिंतीला टेकून बसला, आणि पाठीला ती भिंत लागली तेव्हा त्याला एकदम कानफटात बसल्यासारखं झालं. दीवार से चलो. उस्ताद असता तर आज त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

पिशवीतून त्यानं वायरीला जोडलेला एक दिवा काढला आणि रेडिओच्या प्लगची जागा होती तिथं खोचला. दिवा लागला नाही. माजघरातला दिवा मात्र तसाच जळत होता. मौला उठून दाराशेजारच्या बोर्डाकडे गेला. बोर्डावर चिनी मातीचे दोन फ्यूज असायला हवे होते, एक दिव्यांचा, एक प्लगचा. एक होता. दुसऱ्याच्या जागी नुसतं खोबण.

“ह्यो फ्यूज कुनी काडला?” मौलानं विचारलं.

आकाराम उंबऱ्यात उभा होता. त्यानं खोबणीकडे बघितलं, मौलाकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

“म्या,” तो म्हणाला. “आई गेली त्या दिशी म्याच काडला. पोरं याची जायाची, कुनी तरी बटन दाबंल, आन तिकडं आईला न्ह्याची तयारी चालल्याली, हिकडं गानी लागतील. म्हनून बोर्डातनंच काडून ठिवला. सकाळपासनं मला सुदच न्हाई.” त्यानं टाचा उंच करून दाराच्या चौकटीवर हात फिरवला. धुळीतून पांढरा फ्यूज निघाला.

तेवीस मिनिटं झाली होती बारावर. मौलानं फ्यूज फुंकून खोबणीत बसवला. त्याचा दिवा लख्ख पेटला.

“मावशी, नारळानं काय बी झालं न्हवतं,” मौला म्हणाला. “फ्यूज न्हवता, एवडंच.”

राहीबाईनं त्याच्याकडे रोखून बघितलं. “खरं सांगतुयास? का ह्या बी मुंग्याच?”

मौलाच्या मनात आलं, इतकी वर्षं लोकांना चुचकारत आलो त्याचं फळ हे, की आज एकदा खरं सांगितलं तर ते खरं वाटत नाही.

“खरं हाय, मावशी.”

“मग ती पानं-फुलं काडू नगंस. हायत तशी ऱ्हाऊ देत. त्येंच्यासकट चालू कर.”

मौलानं तांदूळ काढायला उचललेला चिमटा हातातच राहिला. कारागीर म्हणून त्याला हे पटण्यासारखं नव्हतं. आत कचरा असताना सेटला वीज द्यायची? कुठं जरा ओल राहिली असली तर व्हॉल्व्ह जाईल, आणि व्हॉल्व्ह गेला तर सुलाबाईही गेली, कायमची. साफ करायला पाच मिनिटं पुरली असती. पण साफ करून सुरू झाला तर या बाईला काय कळणार होतं? मौलानं पुसलं म्हणून सुरू झाला, एवढंच. त्यानं बॅटरी घेऊन पुन्हा एकदा आतला कानाकोपरा बघितला. बोट लावून लाकूड बघितलं. कोरडं होतं. मग त्यानं चिमटा पिशवीत टाकला, झाकण उघडंच ठेवलं, प्लग खोचला आणि पेटीची पाठ राहीबाईकडे वळवली.

“बगा तुमीच,” तो म्हणाला आणि बटण फिरवलं.

आधी काहीच झालं नाही. मग बारीक गुणगुण आली. एका व्हॉल्व्हच्या काचेत विस्तवाच्या ठिणगीएवढा लाल उजेड दिसला. मग दुसऱ्यात. मग सगळ्यांत. त्या उजेडात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या पुन्हा पिवळ्याधमक दिसायला लागल्या, तांदळाचे दाणे एकेक मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. राहीबाई गुडघा विसरून वाकून बघत होती.

“सुले,” ती म्हणाली, “चुकलं गं माजं.”

पुढच्या बाजूला हिरवा डोळा उघडला होता. मौलानं काटा फिरवत सांगली धरली. खरखर झाली, बायकांच्या कार्यक्रमाची ताई बोलायला लागली, कोरेगाव तालुक्यातल्या खडकवाडीच्या दोन जावा असं काहीसं म्हणाली, आणि जात्याची घरघर सोप्यात आली. त्या घरघरीवर राहीबाईचा आवाज.

*जात्याच्या खुट्याला दोन हात दोघींचं*
*एक माज्या म्हायेराचं, एक जावंच्या गावचं*

आणि त्यामागून, जरा उंच, जरा थकलेला, आकारामच्या आईचा.

*सरलं गं दळन, सुपात ऱ्हायलं पसाभर*
*जावंबाई माजे, वढ जातं घडीभर*

आकारामनं टोपी काढून तोंडावर धरली. बायका डोळ्यांना पदर लावून पुटपुटत होत्या, ऐकत होत्या. राहीबाई रडत नव्हती. ती कान देऊन बसली होती, एखादी शेजारीण कुजबुजत असावी आणि शब्द सांडू नये तशी. तीन ओव्या झाल्या, चार झाल्या. पाचवी धरताना सुलाबाईचा आवाज मध्येच तुटला. जातं फिरत राहिलं. यंत्रवाल्यांकडून ते कापायचं राहून गेलं होतं की कुणाला ते आवडलं होतं, देव जाणे. सुलाबाई हसली, धापेतच, आणि बोलली.

“अक्का, दम लागला गं मला. फुडचं तू म्हन.”

“म्हनते की,” राहीबाई रेडिओला म्हणाली.

रेडिओतल्या राहीबाईनं ओवी उचलली. सोप्यातली राहीबाईही तिच्याबरोबर म्हणू लागली, शेवटपर्यंत म्हणाली, जातं थांबलं तेव्हा थांबली. मग तिनं हात लांब करून देवळीतून दोन आपट्याची पानं काढली. सतरा दिवसांची, करकरीत वाळलेली. ती तिनं रेडिओच्या उघड्या पाठीतून आत, पाकळ्यांच्या शेजारी ठेवली.

“सोनं घे, सुले,” ती म्हणाली. “थोरलीनंच दिलं म्हनून काय झालं.”

मौलानं बटण बंद केलं, काचा निवू दिल्या, पानं व्हॉल्व्हपासून बोटभर बाजूला सारली आणि झाकण लावून स्क्रू आवळले. कुणाचा सेट असा पोटातल्या ऐवजासकट बंद करून द्यायची त्याच्या आयुष्यातली ही पहिली वेळ होती. उस्तादाला ते आवडलं नसतं. पण उस्तादाचं तेवढं एक आज ऐकायचं नाही असं मौलानं ठरवलं होतं.

एवढ्यात खालच्या आळीतली कोंडीबाची बायको धापा टाकत दारात आली. तिला उशीर झाला होता, ऐकायचं राहिलं होतं, आणि म्हणून ती कुणावर तरी करवादायला टेकली होती.

“लागला म्हनं रेडिओ? मग सकाळधरनं काय झालं हुतं त्येला? कुनी बिगाडला?”

उंबऱ्याशी आकारामनं मान खाली घातली. भादरलेलं डोकं, तेरा दिवसांत निम्मा झालेला. मौलानं तोंड उघडलं, पण राहीबाईनं त्याला बोलू दिलं नाही.

“कोन बिगाडतंय?” ती पाय लांब करत म्हणाली. “मुंग्या शिरल्या व्हत्या.”